लग्नात गाणार कोण?

निमगाव सावा गावातून आम्ही बचत गटातल्या बाया बोलतोय. तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं लग्नसराई सुरू होते. मग गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्जही तसेच येतात. कुणाला साड्यांसाठी हवे असतात, कुणाला मांडवासाठी, कुणाला भांड्यांसाठी. मागच्या सराईत आमच्या एका मैत्रिणीनं लेकीच्या लग्नासाठी अर्ज केला आणि सोबत खर्चाची यादी आणली. यादी वाचायला घेतली तर वाजवण्याचेच पाच खर्च निघाले. मांडवडहाळ्याला बँड, हळदीला डीजे, लग्नघटकेला सनई-चौघडा, मंगलाष्टकं म्हणणारे गायक, आणि वरातीला बँजो पार्टी. पाचांची बेरीज केली तर ती नवरीच्या साड्यांच्या पुढं गेली.

आम्ही चर्चा करत होतो की यातलं काय कमी करता येईल. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "वाजवणारे पाच लिहिले गं पोरींनो, पण गाणार कोण?"

आम्ही एकमेकींकडं बघितलं. कुणालाच उत्तर देता आलं नाही. घरच्या लग्नात आपण गायचं असतं, हेच आमच्या यादीत नव्हतं.

त्या एका प्रश्नापायी आम्ही पुढचे दोन महिने माहिती जमवली. गावातल्या जाणत्या बायांना विचारलं, पुस्तकं आणून वाचली, शाळेतल्या गुरुजींची मदत घेतली. लग्नातल्या गाण्या-वाजवण्याचा जो इतिहास हाती लागला, तो आज तुम्हाला सांगणार आहोत. ऐकायला मजा आहेच, पण पुढच्या लग्नाची यादी करताना तो उपयोगीही पडेल.

नऊशे वर्षांची साक्ष

आपल्या लग्नात घाणा भरतात. मुसळाला हळकुंड, सुपारी, आंब्याची पानं बांधतात. पाच जणी मिळून उखळात हळद कांडतात, जात्यावर दळतात आणि दळता-कांडता ओव्या म्हणतात. आम्हाला वाटायचं, ही आपली गावठी रीत. पाच-दहा पिढ्यांची असेल फार तर.

पण कल्याणीच्या चालुक्यांचा राजा होता सोमेश्वर तिसरा. आज कर्नाटकात बसवकल्याण म्हणतात, ती त्याची राजधानी. त्याच्या नावावर संस्कृतात एक मोठा ग्रंथ आहे, ‘मानसोल्लास’. साल ११२९. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत आणि हत्तीपासून गाण्यापर्यंत त्यात सगळं आहे. गाण्याच्या भागात असं नोंदवलंय की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात.

बायांनो, ११२९ साल म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याच्या एकशे साठ वर्षं आधी. ज्ञानेश्वर माउलींनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली ती ओवीत. पण तोवर ओवी बायकांच्या तोंडी रुळलेलीच होती. मुसळाच्या ठेक्यावर ती आधीच चालत होती. राजाच्या ग्रंथात नोंद व्हावी इतकी ती सगळ्यांच्या कानावर होती.

आता बघा, रोजचं कांडण गेलं. भात गिरणीत जातो, पीठ गिरणीतून येतं, मसाला डंकावर. घरात उखळ असेल तर ते परसात पालथं पडलेलं असतं. पण लग्न ठरलं की तेच उखळ आपण धुवून, हळदीकुंकू लावून मांडवात आणतो. नऊशे वर्षांपूर्वी नोंदवलेलं ते कांडण आणि ती ओवी आज एकत्र टिकलीय ती लग्नाच्या घाण्यात.

पहिली कवयित्री आणि लग्नाची गाणी

दुसरी गोष्ट ऐकून तर आम्ही चकितच झालो. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात ती महदंबा, कुणी महदाइसा म्हणतात. ती महानुभाव पंथातली, चक्रधर स्वामींची शिष्या. तेराव्या शतकाच्या शेवटाकडं अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपूरला ती गोविंदप्रभूंच्या सेवेत होती. तिथं तिनं ‘धवळे’ रचले. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी. कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची कथा तिनं त्यात गायली. म्हणजे मराठीत ज्या बाईचं काव्य सगळ्यात आधीचं म्हणून आपल्याला ठाऊक आहे, ते लग्नगीत आहे.

हा धवळे शब्द अजून जिवंत आहे. पालघर जिल्ह्यातल्या वारली समाजात लग्न लावणारी बाई असते, तिला धवलेरी म्हणतात. ती गाते आणि तिच्या गाण्यानं विधी पुढं सरकतो. तिथं बाईचं गाणं हीच लग्नाची पोथी आहे. ते गाणं थांबलं तर लग्नच थांबेल.

आपल्या गावातही फार वेगळं नव्हतं. आमच्या जाणत्या बायांनी सांगितलं, त्यांच्या लहानपणी लग्नाच्या गाण्यांचं वेगळं नियोजन करावं लागत नव्हतं. प्रत्येक कामाला त्याचं गाणं ठरलेलं. घाणा भरताना पहिल्या ओव्या देवांना. गणपती, कुलदैवत खंडोबा, गावचा मारुती, मग शिवेवरचे देव. पत्रिका छापायच्या आधी हे आवतण गाण्यातून जायचं. त्यानंतर माणसं यायची. नवरीचा मामा, आत्या, दूरच्या गावची मावशी. जिचं नाव ओवीत आलं तिला मानाचं आवतण पोचलं. जिचं राहिलं ती रुसायची. हळद लावताना वेगळं गाणं, तेलवणाचं वेगळं. रुखवत मांडलं की त्याची गाणी. विहिणी पंगतीला बसल्या की एकमेकींना चिमटे काढणारी गाणी. वरमाईच्या नाकाच्या शेंड्यापासून तिच्या कंजूषपणापर्यंत सगळं निघायचं आणि त्यावर रागवायची सोय नव्हती. शेवटी लेकीला वाटी लावताना जी ओवी यायची, तिथं गाणारीचा गळाही भरून यायचा.

ही गाणी नुसती करमणूक नव्हती. एरवी सासऱ्यासमोर, दिरासमोर मान वर करायची मुभा नसलेली बाई त्या दिवशी सगळ्यांच्या देखत मोठ्यानं बोलायची. लेक कुठं दिली, कशी दिली, तिला किती लांब जावं लागणार, हे ती सुरात सांगायची. बोलली असती तर कुणी गप्प केलं असतं. गाण्याला कुणी गप्प म्हणत नव्हतं.

साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ हे पुस्तक केलं. सरोजिनी बाबरांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीतून गाण्यांचे खंडच्या खंड काढले. आपल्या पुणे जिल्ह्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या दोघांनी डोंगरी भागातल्या बायांना सोबत घेऊन जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. नंतर हे काम राज्यभर पसरलं आणि एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. एक लाख! आणि त्या म्हणणाऱ्या बहुतेक जणींनी शाळेचं तोंड बघितलं नव्हतं.

मांडवाबाहेरचं वाजवणं

आता मांडवाच्या बाहेर येऊ. आत बाया गात होत्या तेव्हा बाहेर वाजंत्री होते. सनई, सूर, संबळ, हलगी, डफ. मांडवडहाळ्याला सोयरे आणि भावकी गाड्यांतून आंब्या-जांभळाचे डहाळे आणायचे, ते मारुतीच्या देवळापासून वाजत-गाजत मांडवात यायचे. नवरदेव पारावर आला की वाजंत्री, तो घोड्यावर बसला की वाजंत्री, अक्षता पडल्या की वाजंत्री.

हे वाजवणारे बहुतेक करून मातंग आणि इतर दलित समाजातले कलावंत. त्यांची कला पिढ्यान् पिढ्यांची. सनईत दम टिकवायला लहानपणापासून शिकावं लागतं, हलगी शेकून सुरात आणायला हाताला जाण लागते. पण त्याचा मोबदला बलुत्यात मिळायचा. खळ्यावरचं धान्य, लग्नातलं शिल्लक जेवण, एखादं धोतर. ज्यांच्या वाजवण्यावाचून लग्न शुभ होत नाही असं गाव मानायचं, त्यांना मांडवात पाऊल ठेवता येत नव्हतं. त्यांची पंगत शेवटी आणि बाहेर.

हा इतिहास सांगताना आम्हाला आमच्याच घरांची लाज वाटली. पण तो गाळला तर जुनं सगळं गोड होतं असा खोटा समज होईल. जुन्या लग्नात बाईला आवाज होता तो मांडवाच्या आत. वाजवणाऱ्याला मान होता तो फक्त वाजवेपर्यंत.

पुढं बलुतं मोडत गेलं आणि सुपारी आली. सुपारी देऊन तारीख ठरवायची, बिदागी रोख मोजायची. कलावंताच्या दृष्टीनं हे बरंच झालं. शिल्लक जेवणापेक्षा रोख पैसा मानाचा. पण मान पुरता आला का, हे प्रत्येक गावानं आपापल्या मांडवात बघावं.

ओतूरचं लग्न आणि हायकोर्ट

लग्नातला तिसरा आवाज मंगलाष्टकांचा. ती कुणी म्हणायची आणि त्यात काय म्हणायचं, यावरून आपल्याच जुन्नर तालुक्यात मोठं भांडण झालं होतं.

महात्मा जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. तीन महिन्यांत, २५ डिसेंबर १८७३ ला, पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. नवरा सीताराम आल्हाट, नवरी राधा, सावित्रीबाईंच्या मैत्रिणीची लेक. भटजी नाही, हुंडा नाही, थोडक्या खर्चात लग्न. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता.

ही रीत पुण्याहून आपल्या भागात आली. ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांनी १८८० च्या दशकात आपल्या घरचं लग्न ग्रामजोशाला न बोलावता लावलं. तेव्हा गावच्या जोशाला वतनी हक्क असायचा. लग्न कुणीही लावो, दक्षिणा त्याची. ती बुडाली म्हणून खटला उभा राहिला आणि तो मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. शेवटी निकाल पाटलांच्या बाजूनं लागला. आपलं लग्न आपल्या रीतीनं लावता येतं, त्यासाठी ग्रामजोशी लागतोच असं नाही, हे ओतूरच्या एका घरानं कोर्टात लढून मिळवलं. ओतूर आपल्या तालुक्याच्या उत्तरेला, आम्ही पूर्वेला. लग्नकार्यासाठी तिकडं किती वेळा गेलो असू, पण ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती.

याच काळात, १८८७ मध्ये, जोतीरावांनी सत्यशोधक लग्नाच्या विधीचं पुस्तक काढलं आणि त्यात मराठीत नवी मंगलाष्टकं लिहिली. संस्कृत मंगलाष्टकं कानावर पडतात, पण त्यातलं किती समजतं? आपण ‘सावधान’ म्हटलं की अक्षता टाकतो, एवढंच. जोतीरावांच्या मंगलाष्टकांत नवरा-नवरी स्वतः बोलतात. नवरी बायकांच्या हक्काचं विचारते आणि नवरा सगळ्या वऱ्हाडासमोर त्याचं वचन देतो. अंतरपाटाच्या पलीकडं मान खाली घालून उभ्या असलेल्या मुलीच्या तोंडात त्यांनी बोल दिला, तोही तिला समजेल अशा मराठीत.

आम्ही हे वाचलं तेव्हा पुन्हा आजींचा प्रश्न आठवला. गाणार कोण? जोतीरावांनी सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी त्याचं एक उत्तर दिलं होतं. जिचं लग्न आहे तीसुद्धा.

मग आवाज गेला कुठं?

आवाज एका दिवसात गेला नाही. त्याचे टप्पे आहेत.

पहिला टप्पा गिरणीचा. गावात पिठाची गिरणी आली आणि बाईच्या खांद्यावरचं मोठं ओझं उतरलं. पहाटे तीनला उठून दळायचं सुटलं. त्या गिरणीला आम्ही कधीच नावं ठेवणार नाही. पण ओव्या शिकायची शाळा जात्यावरच भरत होती. आई दळायची, लेक मांडीवर डोकं ठेवून ऐकायची. जातं थांबलं आणि ती शाळाही बंद झाली.

दुसरा टप्पा बँडचा. इंग्रजांच्या पलटणीत पितळी वाद्यांचे बँड होते. त्यांचं बघून शहरांत लग्नाचे बँड उभे राहिले. पुण्यात प्रभात बँड, दरबार बँड ही नावं घरोघरी माहीत झाली. खेड्यातही क्लॅरिनेट, ट्रम्पेट आले, डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्यांची रांग आली. बँडवर सिनेमाची गाणी वाजायची. तरी बँडवाला दमायचा, थांबायचा, चहा प्यायचा. तेवढ्यात आतल्या बायांचं गाणं ऐकू यायचं.

तिसरा टप्पा कर्ण्याचा. वीज आली, झाडावर भोंगा बांधला, तबकड्या वाजू लागल्या, मग कॅसेट. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं होतं, नवी गाणी घरात येत होती. लग्नाघरी भोंगा लागला हीच प्रतिष्ठा. भोंगा दमत नव्हता.

त्यात कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा, डिंभे या धरणांनी आपल्या भागाचं रूप पालटलं. ऊस, द्राक्षं, टोमॅटो, कांदा आला, हातात रोकड आली. आमच्या कोरडवाहू पूर्व पट्ट्यात लग्नं मोठी झाली. त्याचा आनंदच आहे. ज्या आईबापांनी दुष्काळात लग्नं केली त्यांना लेकरांची लग्नं थाटात करावीशी वाटणारच.

शेवटचा टप्पा डीजेचा. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला आणि त्यातलं ‘झिंगाट’ वाजलं नाही अशी हळद आम्ही बघितलेली नाही. खरं सांगतो, आम्हीही नाचलो. आणि ती नुसती मजा नव्हती. आमच्या सासवांच्या काळात सुनेनं चारचौघांत नाचणं म्हणजे घराण्याची अब्रू जाणं. आज सासू आणि सून एकत्र नाचतात. डीजेनं आपल्या पायाला मोकळीक दिली हे मान्य करायला हवं.

पण गळा मात्र बंद केला. आम्हाला गाऊ नका असं कुणी म्हणालं नाही. फक्त एवढा मोठा आवाज लावला की गायलं तरी शेजारणीला ऐकू जाईना. मग एकेक जण गायची थांबली. दहा-पंधरा वर्षं गायलं नाही की गाणं विसरतं.

आमची चूक

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. सांगायला जड जातंय.

ज्या मैत्रिणीचा अर्ज होता, तिच्या आधी गावात आणखी एक लग्न झालं. घाणा भरायची वेळ आली. पाच सवाष्णी मुसळ धरून उभ्या. ओवी कुणालाच येईना. एकीनं मोबाइल काढला आणि त्यावर ओव्यांचं गाणं शोधलं. मध्येच जाहिरात लागली. सगळ्या हसल्या, दोन वेळा मुसळ आपटलं, फोटो काढला, झालं. पाच मिनिटांत घाणा उरकला.

त्या वेळी मागच्या भिंतीला टेकून त्याच आजी बसल्या होत्या, ज्यांनी पुढं आम्हाला प्रश्न विचारला. त्यांना घाण्याच्याच चाळीस-पन्नास ओव्या पाठ आहेत. त्यांचे ओठ हलत होते. पण त्यांना पुढं कुणी बोलावलं नाही, कारण त्या विधवा. हळदीला, घाण्याला सवाष्णच लागते. ती रीत मोडायचं आमच्यातल्या एकीलाही सुचलं नाही. आम्ही, ज्या गटाच्या बैठकीत बाईच्या मानाच्या गप्पा मारतो, मोबाइलमधल्या अनोळखी बाईच्या ओव्या लावल्या आणि आपल्या आजींना भिंतीशी बसवून ठेवलं.

बायांनो, मघाशी महदंबेचं सांगताना आम्ही एक गोष्ट सांगितली नव्हती. ती आता सांगतो. मराठीत लग्नाचे धवळे रचणारी ती पहिली कवयित्री विधवा होती. लहानपणीच तिला वैधव्य आलं होतं. सातशे वर्षांपूर्वी तिनं लग्नाची गाणी रचली, गायली, आणि ती मराठी भाषेचं भूषण ठरली. मग आपण आज आपल्या आजींना कोणत्या तोंडानं मागं बसवतो?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की आमच्या गावात विधवा प्रथा पाळायच्या नाहीत. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, कार्यातून बाईला बाजूला करायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या गावांनी हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. ठराव ग्रामसभेत होतो, पण तो पाळायची जागा मांडवात असते. मुसळाला हात कुणी लावायचा, हे मांडवातल्या बायाच ठरवतात. म्हणजे आपणच.

आम्ही यादी पुन्हा केली

मग आमच्या मैत्रिणीच्या लेकीच्या लग्नाची यादी आम्ही सगळ्यांनी मिळून नव्यानं केली. या वेळी वाजवणाऱ्यांच्या आधी गाणाऱ्यांची नावं लिहिली. पहिलं नाव आजींचं.

लग्नाआधी सहा संध्याकाळी आजींच्या ओट्यावर बसलो. नवरी, तिच्या मैत्रिणी, करवल्या, सगळ्या. एका संध्याकाळी एकाच कार्याची गाणी. चाल सोपी असते, दोन वेळा ऐकली की बसते. शब्द वहीत उतरवले, आवाज मोबाइलमध्ये भरला. त्याच मोबाइलनं या वेळी चांगलं काम केलं.

हळदीच्या दिवशी घाण्यासाठी एक तास ठरवला आणि त्या तासाला सगळी यंत्रं बंद. हे डीजेवाल्याला सुपारी देतानाच सांगितलं. आयत्या वेळी सांगितलं तर कुणी ऐकत नाही. डीजे ठेवलाच, पण दोन तास आणि रात्री दहाच्या आत. ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा लावता येत नाही. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. साधं बोलणं साठच्या आसपास असतं, यावरून ओळखा आपण काय करतो ते. स्पीकरची तोंडं आम्ही गोठ्याकडं आणि म्हाताऱ्यांच्या खोलीकडं होऊ दिली नाहीत.

बँड आणि बँजो या दोन्हींऐवजी जवळच्या गावचे सनई-हलगीवाले बोलावले. मांडवडहाळ्यालाही तेच, वरातीलाही तेच. बिदागी आधी बोलून, कागदावर लिहून. जेवण वाजवायच्या आधी, आणि आमच्याच पंगतीत. त्यातले वयस्कर सनईवाले म्हणाले, "मांडवात बसून जेवलो असं पहिल्यांदाच घडलं." ऐकून आम्हाला आनंद व्हायला हवा होता. पण माना खाली गेल्या.

मंगलाष्टकांचे गायक रद्द केले. दोन मंगलाष्टकं भटजींनी म्हटली, कारण वरपक्षाची तशी इच्छा होती. बाकीची नवरीच्या आत्यानं आणि मावशीनं मराठीत म्हटली. नवरा-नवरीनं एकमेकांना दिलेली वचनं त्यांनी स्वतः लिहिली होती. नवरीचा आवाज कापत होता, पण मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. आजींनी मुसळाला हात लावला तेव्हा नवरीची एक चुलत चुलती उठून बाहेर गेली. ती परत आली नाही. डीजेवाल्यानं ठरल्या वेळेच्या आधी एकदा गाणं सुरू केलंच. पण घाणा चालला तो पाऊण तास. आजींनी देवांच्या ओव्या झाल्यावर नवी ओवी जुळवली. नवरी नर्सिंग शिकलेली, तर आजींनी ओवीत तिचा पांढरा कोट आणला, सुई आणली, तिचा हलका हात आणला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. ओवी जुनी असली तरी तिच्यात आजची लेक मावते, हे त्यांना तेव्हा कळलं.

खर्चाचं म्हणाल तर गटाकडून घ्यायचं कर्ज कमी झालं. फेडायचे हप्तेही कमी झाले. लग्नानंतर वर्षभर त्या मैत्रिणीचा जीव हप्त्यात अडकला नाही, हा फायदाही छोटा नाही.

तर मैत्रिणींनो, या सराईत तुमच्या घरी, भावकीत, गटात लग्न असेल तर यादी करायला बसाल तेव्हा पहिल्या ओळीवर गाणारीचं नाव लिहा. तुमच्या गावात कुणाला घाण्याच्या ओव्या येतात ते शोधा. ती बाई कदाचित तुमच्या मागच्याच भिंतीला टेकून बसलेली असेल. तिला पुढं बोलवा. आणि ती म्हणेल त्या ओव्या वहीत उतरवून ठेवा, जपून.

आमच्या आजी या वर्षी ऐंशी पार झाल्या. त्यांची वही आता भरत आलीय, दुसरी आणायला टाकलीय.